जुन्या एसयूव्हीचे स्टिअरिंग डावीकडे ओढते, अलाइनमेंटचे आकडे मात्र सगळे हिरवे

चिवलाकिनारा (मालवण):

नमस्कार. आम्ही दिवाळीनंतर एक वापरलेली डिझेल एसयूव्ही घेतली. गाडी २०१६ ची आहे. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा) आहे, पॉवर स्टिअरिंग विजेवर चालणारे आहे आणि टायर २१५/६५ आर १६ मापाचे आहेत. इंजिन, गिअर, एसी यांबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार एकच आहे आणि ती गाडी घेतली त्या दिवसापासून आहे: सरळ रस्त्यावर हात सैल सोडला की गाडी डावीकडे जाऊ लागते.

मालवण ते कसाल रस्त्यावर वळणेच इतकी आहेत की हे फारसे जाणवत नाही. कसालला महामार्गाला लागून कणकवलीच्या दिशेने ताशी ऐंशीच्या वेगाने निघाले की मात्र स्टिअरिंगवर सतत उजवीकडे थोडा जोर धरून ठेवावा लागतो, आणि कोल्हापूरला पोहोचेपर्यंत उजवा खांदा भरून येतो. वेग वाढवताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर किंवा ब्रेक दाबल्यावर ही ओढ वाढत नाही आणि कमीही होत नाही. फोंडा घाट उतरताना दरीची बाजू डावीकडे आली की मला मनापासून भीती वाटते, म्हणून हा प्रश्न केवळ सोयीचा राहिलेला नाही.

दोन ठिकाणी व्हील अलाइनमेंट करून झाले आहे. दोन्ही ठिकाणी टो (वरून पाहता चाके पुढे किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत तो कोन) बसवून दिला आणि सगळे आकडे हिरव्या रंगात असलेला कागद हातात दिला. दुसऱ्या ठिकाणी मी आग्रह धरला तेव्हा त्यांनी चाके दोन्हीकडे वळवून कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते तो बाजूने पाहता मागे किती झुकला आहे) आणि स्टिअरिंग अक्षाचा कलही (तोच अक्ष समोरून पाहता आत किती झुकला आहे) मोजून दिला. त्या कागदावरील आकडे असे आहेत. कॅम्बर (समोरून पाहता चाक किती तिरपे आहे; वरची कड बाहेर असेल तर धन, आत असेल तर उणे) डावीकडे उणे ०°०५′, उजवीकडे उणे ०°५०′. मशीनमधील मर्यादा उणे १°०५′ ते अधिक ०°२५′. कॅस्टर डावीकडे ४°१०′, उजवीकडे ४°१५′. स्टिअरिंग अक्षाचा कल डावीकडे १२°१०′, उजवीकडे १२°५५′. पुढचा एकूण टो ०°१०′, मागच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर उणे १°२०′ आणि थ्रस्ट अँगल (मागची चाके गाडीला ज्या दिशेने ढकलतात तिचा मधल्या रेषेशी कोन) ०°०२′.

टायरमधील हवा मी स्वतः, गाडी थंड असताना, चारही चाकांत ३३ पीएसआय ठेवते. ज्यांच्याकडून गाडी घेतली ते म्हणतात की रस्ताच डावीकडे उतरता असतो, त्यामुळे प्रत्येक गाडी डावीकडे जाते. अलाइनमेंटवाले म्हणतात की आकडे मर्यादेत आहेत, हवे असल्यास कॅम्बर बोल्ट (कॅम्बर बदलता यावा म्हणून लावायचे खास बोल्ट) लावून देतो. आकडे मर्यादेत असताना गाडी ओढते कशी, आणि पुढची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. गाडीच्या कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण अशी बांधणी अनेक कंपन्यांच्या गाड्यांत असते.

जयगडखाडी (रत्नागिरी):

ताई, आपण आकडे व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे त्यांवर बोलता येईल. पण त्याआधी तीन गोष्टी वगळून घ्याव्यात, कारण त्यांचा अलाइनमेंटशी संबंध नाही आणि त्या कोणत्याही मशीनवर दिसत नाहीत. त्या म्हणजे रस्ता, टायर आणि ब्रेक.

रस्त्याबद्दल विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्याला बाजूकडे साधारण दोन टक्के उतार दिलेला असतो, म्हणजे साडेतीन मीटर रुंदीच्या लेनमध्ये सात सेंटीमीटर. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, तेव्हा हा उतार बहुतेक वेळा डावीकडेच असतो. चौपदरी महामार्गावर परतीच्या बाजूने गेले तरी तो आपल्या डावीकडेच राहतो, म्हणून जाताना आणि येताना दोन्ही वेळा डावीकडे गेली एवढ्यावरून गाडी दोषी ठरत नाही. मात्र उतारामुळे गाडी हळूहळू कडेकडे सरकते. खांदा भरून येईल इतका जोर लावावा लागत नाही. खात्री करायची असेल तर दुभाजक नसलेला, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरता असा सरळ, रिकामा रस्ता शोधावा. कुडाळच्या एमआयडीसीत सुटीच्या दिवशी सकाळी असा तुकडा मिळू शकेल. समोर आणि मागे दूरवर कोणी नाही हे पाहून, कमी वेगात, रस्त्याचा उंच मध्यभाग गाडीच्या पोटाखाली ठेवून चालवावी. तेथेही ती डावीकडेच गेली तर रस्त्याचे कारण संपले. ही चाचणी महामार्गावर करू नये.

दुसरा मुद्दा टायरचा. रेडियल टायरच्या आतील पोलादी पट्टे बनवताना जरासे एका बाजूला बसले, तर टायर दिसायला गोल असूनही फिरताना शंकूसारखा एका बाजूला वळत राहतो. हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि बॅलन्सिंगमध्येही सापडत नाही. टायर एका दिशेचे नसतील, म्हणजे त्यांच्यावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नसेल, तर पुढची दोन चाके डावी-उजवी अदलाबदल करावी. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली तर कारण टायरमध्ये आहे. तशीच राहिली तर टायर निर्दोष. बाण असल्यास पुढची चाके मागे आणि मागची पुढे, त्याच बाजूला ठेवून पाहावे. वापरलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहावी: टायरच्या कडेवरच्या मजकुरात शेवटी चार आकडे असतात, त्यांतील पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ मधला तेविसावा आठवडा. पुढच्या दोन टायरांत काही वर्षांचे अंतर असेल किंवा दोन वेगळ्या नक्षीचे टायर असतील, तर अशी जोडी मी पुढे ठेवणार नाही.

तिसरा मुद्दा ब्रेकचा, आणि किनाऱ्यावरच्या गाडीत मी याला फार महत्त्व देतो. कॅलिपर (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांच्या रबरी टोप्या फाटल्या की खारी, दमट हवा आत शिरते, ग्रीस सुकते, पिन गंजते आणि पाय उचलल्यावरही पॅड डिस्कला घासत राहते. घासणाऱ्या चाकाच्या बाजूला गाडी ओढते. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला असेल तरी हेच होते, कारण दाबाने आत गेलेले तेल परत लवकर येत नाही. मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून गाडी चालवावी, हळूच थांबवावी आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यभागाची उष्णता तुलना करून पाहावी. तापमान दाखवणारी बंदूक मिळाली तर उत्तम. डिस्कला हात लावू नये, ती भाजण्याइतकी तापलेली असू शकते. एक बाजू स्पष्टपणे अधिक गरम असेल तर जॅकवर चाक उचलून हाताने फिरवावे. अडखळत थांबले तर कॅलिपर खोलण्याची वेळ झाली आहे.

आपली ओढ ब्रेक दाबल्यावर वाढत नाही, म्हणून ब्रेक हे एकमेव कारण असेल असे मला वाटत नाही. तरीही हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

जयगडखाडी यांनी सांगितलेला क्रम योग्य आहे. मी बरीच वर्षे अलाइनमेंटच्या कामात काढली आहेत, म्हणून आकड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला आपल्या कागदातच उत्तर दिसते आहे.

प्रथम एक समजूत दूर करणे आवश्यक आहे. बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त टो बसवणे, आणि पुढच्या चाकांचा टो बिघडल्याने गाडी सहसा ओढत नाही. गाडी पुढे जाताना दोन्ही चाके टोमधील फरक आपसांत वाटून घेतात. स्टिअरिंग वाकडे राहते, टायरची कड झिजते, पण गाडी सरळ जाते. सतत एका बाजूला ओढ असेल तर कॅम्बर आणि कॅस्टर पाहायचे, आणि तेही प्रत्येक चाकाचा आकडा स्वतंत्रपणे नव्हे, तर डाव्या-उजव्यातला फरक पाहायचा. गाडी ज्या बाजूचा कॅम्बर अधिक धन असतो त्या बाजूला ओढते, आणि ज्या बाजूचा कॅस्टर कमी असतो त्या बाजूला ओढते. दोन्ही बाजूंत अर्ध्या अंशापेक्षा, म्हणजे ३० मिनिटांपेक्षा, अधिक फरक झाला की तो हाताला कळू लागतो.

आता आपला कागद पाहा. कॅम्बर डावीकडे उणे ०°०५′ आणि उजवीकडे उणे ०°५०′. दोन्ही आकडे कंपनीच्या मर्यादेत बसतात, म्हणून मशीनने दोन्ही हिरवे दाखवले. पण त्यांच्यातला फरक ४५ मिनिटांचा, म्हणजे पाऊण अंशाचा आहे, आणि डावा कॅम्बर अधिक धन आहे. कॅस्टरमधील फरक पाच मिनिटांचा, नगण्य. गाडी डावीकडे ओढणारच. त्यात रस्त्याचा डावीकडचा उतार मिळतो, म्हणून महामार्गावर त्रास जास्त.

हा फरक कोठून आला हे शोधण्यासाठी आपण आग्रहाने मोजून घेतलेला स्टिअरिंग अक्षाचा कल कामाला येतो, आणि तो मोजून घेतल्याबद्दल आपले खरोखर कौतुक वाटते, कारण चाके दोन्हीकडे वळवून ही मोजणी करण्याचा कंटाळा फार ठिकाणी केला जातो. प्रत्येक बाजूला कल आणि कॅम्बर यांची बेरीज करा. डावीकडे १२°१०′ उणे ०°०५′ म्हणजे १२°०५′. उजवीकडे १२°५५′ उणे ०°५०′ म्हणजे तेही १२°०५′. ही बेरीज दोन्ही बाजूंना सारखी आहे, याचा अर्थ नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि स्ट्रट वाकलेले नाहीत. ते वाकले असते तर ही बेरीज एका बाजूला बिघडली असती. भाग सरळ आहेत, पण ते ज्यावर बसले आहेत ते जागचे हलले आहे. डाव्या चाकाचा खालचा भाग आत गेला आहे आणि उजव्या चाकाचा तितकाच बाहेर आला आहे. दोन्ही लोअर आर्म (चाकांना खालून धरणारे दांडे) ज्याला जोडलेले असतात ती पुढची सबफ्रेम (बॉडीला खालून बोल्टांनी जोडलेली चौकट) उजवीकडे सरकली की नेमके असेच होते. ४५ मिनिटांच्या फरकासाठी ती किती सरकावी लागते याचा हिशेब केला, तर खालचा बॉल जॉइंट (लोअर आर्म आणि नकल यांचा सांधा) आणि स्ट्रटचे वरचे टोक यांत साधारण ६०० मिलिमीटर उंची धरून, उत्तर जेमतेम चार मिलिमीटर येते. बोल्टच्या छिद्रांत एवढी जागा अनेक गाड्यांमध्ये असते.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: या गाडीचे क्लचचे किंवा गिअरबॉक्सचे काम पूर्वी झाले आहे का? अशा बांधणीच्या पुष्कळ गाड्यांत गिअरबॉक्स बाहेर काढण्यासाठी सबफ्रेम सैल करावी किंवा उतरवावी लागते, आणि परत चढवताना ती मूळ जागी आणण्याची काळजी घेतली नाही तर ती जिथे बसेल तिथे बोल्ट आवळले जातात. जुनी बिले मिळवा. गाडी रॅम्पवर चढवून सबफ्रेमच्या बोल्टांभोवती पाहा. वॉशरच्या कडेला धातूचा चकचकीत किंवा वेगळ्या रंगाचा चंद्रकोरीसारखा पट्टा दिसला, तर ती वॉशरची जुनी जागा आहे, आणि तो पट्टा वॉशरच्या उजवीकडे असेल तर सबफ्रेम उजवीकडे गेली आहे.

बिले नसतील आणि अशी खूणही नसेल, तर दुसरी शक्यता अपघाताची आहे. तेव्हा बॉनेट उघडून दोन्ही अ‍ॅप्रनवरचे (चाकांवरच्या आतल्या पत्र्यांवरचे) वेल्डिंगचे ठिपके आणि सीलंटची रेघ एकमेकांशी ताडून पाहावी. कारखान्यातले ठिपके दोन्हीकडे सारखे आणि एकसमान अंतरावर असतात, दुरुस्तीतले नसतात. दोन्ही स्ट्रटच्या डोक्यांपासून सबफ्रेमच्या छिद्रांपर्यंत तिरपी मापेही घ्यावीत. अ‍ॅप्रन आत ढकलला गेला असेल तर सबफ्रेम हलवून काम होणार नाही, गाडीचा सांगाडा सरळ करणाऱ्या बाकावरच जावे लागेल.

कॅम्बर बोल्ट सध्या लावू नका. त्यांनी आकडा बदलेल आणि ओढही कदाचित कमी होईल, पण सबफ्रेम वाकडीच राहील. स्टिअरिंगची रॅक (चाके वळवणारा दातेरी दांडा) बहुतेक गाड्यांत सबफ्रेमवरच असते, तेव्हा तीही बाजूला गेलेली असते, आणि पुढे कोणी सबफ्रेम सरळ केली की कॅम्बर बोल्टांनी केलेला बदल उलट त्रास देतो.

एक छोटी चाचणी राहिली. विजेच्या स्टिअरिंगमध्ये टॉर्क सेन्सरचा (हाताचा जोर मोजणाऱ्या भागाचा) मध्य बिघडला तर मोटरच एका बाजूला ढकलत राहते. गाडीचा पुढचा भाग स्टँडवर पक्का उचलून, चाके अधांतरी ठेवून, इंजिन चालू करावे. स्टिअरिंग आपोआप एका बाजूला फिरू लागले तर दोष तेथे आहे. आमच्या चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या आणि त्यांतील काही नंतर बाजारात आल्या, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याला मी ही चाचणी नेहमी सांगतो. सीटखालचा गालिचा उचलून चिखलाचा थर आहे का तेही पाहावे.

हापूसवाट (देवगड):

मूळ प्रश्नात थोडी भर घालतो. माझ्याकडे लॅडर फ्रेमची (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बांधलेली), पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा पोलादी दांडा) असलेली जुनी गाडी आहे आणि तीही डावीकडे ओढते. हंगामात मागे आंब्याच्या पेट्या भरलेल्या असतात, तेव्हा ओढ बदलते असे जाणवते. वर दिलेली बेरजेची रीत माझ्या गाडीला लागू पडेल का?

चिवलाकिनारा (मालवण):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने सगळे केले, ते नोंदवून ठेवते, म्हणजे दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

कुडाळच्या एमआयडीसीत, मधोमध उंच असलेल्या रस्त्यावर गाडी डावीकडेच गेली, पण महामार्गापेक्षा कमी. टायर एकाच वर्षाचे आणि एकाच नक्षीचे निघाले. पुढची दोन्ही चाके अदलाबदल केल्यावर ओढ डावीकडेच, तेवढीच राहिली. ब्रेकच्या बाबतीत जयगडखाडी यांची शंका खरी ठरली. डावे चाक उजव्यापेक्षा जास्त गरम लागत होते. कॅलिपर उघडल्यावर खालच्या पिनेची टोपी चिरलेली आणि पिन गंजलेली दिसली. पिन आणि टोपी नवीन घातली, ब्रेकसाठीचे उष्णता सहन करणारे ग्रीस लावले. ओढ थोडी कमी झाली, तरी गेली नाही. चाके उचलून इंजिन चालू केल्यावर स्टिअरिंग जागचे हलले नाही.

मग जुनी बिले मिळवण्यासाठी विक्रेत्याकडे पुन्हा गेले. त्यांनी ती सहज दिली आणि त्यांत २०२२ मध्ये क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग बदलल्याची नोंद मिळाली. गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा सबफ्रेमच्या मागच्या दोन्ही बोल्टांजवळ, वॉशरच्या उजव्या कडेला, तो चंद्रकोरीसारखा पट्टा अगदी स्पष्ट होता. मेकॅनिकने नखाने दाखवला. अ‍ॅप्रनचे ठिपके दोन्हीकडे सारखे आहेत आणि तिरप्या मापांतही फरक आला नाही, त्यामुळे अपघाताची शंका मिटली.

मेकॅनिकने सबफ्रेमला खालून जॅकचा आधार दिला, बोल्ट न काढता फक्त सैल केले आणि पहार लावून सबफ्रेम वॉशरच्या जुन्या खुणेवर आणली. अलाइनमेंटच्या मशीनवरचे नवीन आकडे असे आहेत: कॅम्बर डावीकडे उणे ०°२६′, उजवीकडे उणे ०°३०′, अक्षाचा कल १२°३१′ आणि १२°३५′. महामार्गावर आता हात सैल ठेवला तरी गाडी बराच वेळ लेनमध्ये राहते आणि मग सावकाश कडेकडे सरकते, जे रस्त्याच्या उतारामुळे आहे असे मी समजते.

दोन शंका उरल्या आहेत. या कामानंतर स्टिअरिंग उजवीकडे किंचित वाकडे दिसते. टो बसवणाऱ्याने डावीकडच्या टाय रॉडचा (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) नट फिरत नाही असे सांगून सगळा फरक उजव्या टाय रॉडवर काढला. हे असे चालेल का? आणि ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा एकदा लागून विझला, त्याची काळजी करावी का?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

आकडे पाहून समाधान वाटले. बेरीज दोन्हीकडे अजूनही १२°०५′ आहे, म्हणजे काम योग्य जागी झाले. आता उरलेला चार मिनिटांचा फरक कोणाच्याही हाताला कळणार नाही.

टाय रॉडचे मात्र तसे सोडू नका. किनाऱ्यावरच्या गाड्यांत लॉकनटाचा आटा गंजून धरतो आणि मग अर्धवट कामे होतात. एकूण टो बरोबर येतो, म्हणून कागद हिरवाच येतो. पण दोन टाय रॉडांची लांबी असमान राहते, स्टिअरिंग वाकडे दिसते आणि पूर्ण वळवताना एका बाजूचा वळसा दुसरीपेक्षा मोठा लागतो. अरुंद गल्लीत किंवा घाटातल्या तीव्र वळणावर हे जाणवते. गंज सोडवणारे तेल आटीवर मारून रात्रभर राहू द्यावे, तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि दुसऱ्या दिवशी दोन पान्यांनी, रॉड धरून, नट सोडवावा. तरीही सुटला नाही तर आच द्यावी लागेल, आणि आच दिलेला टाय रॉड एंड मी परत वापरू देत नाही, कारण आतील रबर आणि ग्रीस जळते. तो नवीनच घालावा. नंतर स्टिअरिंग मधोमध लॉक करून दोन्ही बाजूंनी सारखा टो बसवून घ्यावा आणि आट्यांवर ग्रीसचा हात फिरवून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी हा प्रसंग येणार नाही.

ईएसपीच्या दिव्याचे कारण बहुधा हेच आहे. गाडी सरळ जात असताना स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर शून्य दाखवायला हवा. स्टिअरिंग वाकडे असल्यामुळे तो कोन दाखवतो आणि यंत्रणेला ते विसंगत वाटते. आधी टाय रॉड, मग स्कॅनर लावून सेन्सरचे शून्य ठरवून घेणे, हा क्रम पाळावा. उलट केल्यास ते काम पुन्हा करावे लागेल.

सबफ्रेमचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कवर, टॉर्क पान्यानेच आवळले आहेत का, हे मेकॅनिकला स्पष्ट विचारा. काही गाड्यांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तशी सूचना आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असेल तर नवीन बोल्ट घालावेत. आवळल्यानंतर बोल्टाच्या डोक्यापासून सबफ्रेमपर्यंत रंगाची एक रेघ मारून घ्या. पुढच्या सर्व्हिसला रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल झाला किंवा सबफ्रेम पुन्हा सरकली हे लगेच कळेल.

हापूसवाट यांच्या प्रश्नाबद्दल. पुढे वरचा आणि खालचा असे दोन आर्म असलेल्या लॅडर फ्रेमच्या गाडीतही बेरजेचे तत्त्व लागू पडते. बेरीज बिघडली तर नकल वाकली आहे. पण तेथे कारण बहुतेक वेळा उंचीचे असते. टॉर्शन बार वर्षानुवर्षांच्या भाराने थकतो, एक बाजू खाली बसते आणि बसलेल्या बाजूचा कॅम्बर बदलतो. मागे पेट्या भरल्या की गाडीचे नाक वर येते, त्यामुळे पुढचा कॅम्बर आणि कॅस्टर दोन्ही बदलतात, म्हणून आपल्याला ओढ बदललेली जाणवते. प्रथम गाडी रिकामी ठेवून सपाट जागेवर दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतची उंची मोजा. फरक असेल तर टॉर्शन बारच्या बोल्टने उंची सारखी करून घ्या, थोडे अंतर चालवून गाडी बसू द्या आणि मगच अलाइनमेंटला न्या. त्यानंतरही कॅम्बरमध्ये फरक राहिला तर तो अनेक गाड्यांत वरच्या आर्मच्या मागे शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून किंवा काढून सुधारता येतो. ज्यांच्याकडे शिमांचा संच नाही असे अलाइनमेंटवाले टो बसवून परत पाठवतात, तेव्हा गाडी रॅम्पवर चढवण्याआधीच विचारून घ्या.